पोकळ गणपती आणि पाठवणीची धून

बँडवाल्याला लग्नात एक प्रश्न हमखास विचारला जातो : जेवलात का? आणि तो नेमका पंगती उठल्यावर विचारला जातो. दुसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं, पण मला तो फार आवडायचा. "ओ बँडवाले, बटणं तर तीनच हायेत, मंग एवढी गाणी येतात कुठनं?"

तेव्हा उत्तर द्यायला सवड नसायची. आता आहे. सरकारी नोकराला निवृत्तीची तारीख असते, ट्रम्पेटवाल्याला पुढचे दात असतात. माझे वरचे दोन गेले आणि मी निवृत्त झालो. आता रोह्याजवळ वरश्याला मुलाच्या ब्लॉकमध्ये राहतो, गॅलरीत बसतो, आणि खालून एखादी वरात गेली की ट्रम्पेटवाला कुठे चुकला ते सुनेला सांगतो. ती म्हणते, "बाबा, तुम्ही चुकत नव्हता काय?" मी चुकत होतो, म्हणून तर ओळखता येतं.

तर ते तीन बटणांचं. पितळेचं वाद्य स्वतः वाजत नाही, वाजतो तो माणसाचा ओठ. तान्हं मूल ओठ मिटून भुर्र करतं ना, तोच प्रकार. तो भुर्र माऊथपीसमधून पितळेच्या नळीत सोडायचा, मग नळी त्याला जरा इभ्रत देते. बटण दाबलं की हवेचा रस्ता लांबतो आणि सूर खाली येतो. पण गंमत अशी, की बटणं न हलवताही पाच-सहा सूर तिथेच बसलेले असतात, एकावर एक, गोदामातल्या भाताच्या गोणींसारखे. त्यातली कुठली गोण ओढायची ते ओठानं ठरवायचं. चुकीची ओढली की सगळी थप्पी अंगावर. माझ्या अंगावर ती किती वेळा आली त्याला गणती नाही, आणि ती प्रत्येक वेळी भर रस्त्यात, नवरदेवाच्या देखत आली.

मी पेणच्या एका बँडमध्ये शिरलो तो लाल कोटासाठी. सोनेरी झालरीचा कोट होता, माझ्या मापाचा होता, आणि त्यातला आधीचा माणूस मुंबईला नोकरीला गेला होता. कोट ट्रम्पेटवाल्याचा होता, म्हणून मी ट्रम्पेटवाला झालो. तो कोट जर ढोलवाल्याचा असता तर हा लेख बराच सोपा झाला असता.

आमचे बँडमास्तर गजामास्तर. उंच, सडपातळ, मिशा पिवळसर. त्यांची शिकवण्याची पद्धत अशी की ते पुढे वाजवत चालायचे, आम्ही मागून वाजवत चालायचं, आणि कोणी चुकलं की ते मान वळवून बघायचे. बस्स. एकदा धीर करून मी विचारलं, "मास्तर, वरचा सूर काढायचा कसा?"

"वर बघून," मास्तर म्हणाले.

मी त्याच संध्याकाळी वर बघून वाजवलं. सूर आला नाही, पण गटार आलं.

त्यामुळे जे काही शिकायचं ते आपलं आपणच, हे मला लवकर कळलं. वाईट एवढंच, की चुकीचंही आपलं आपणच शिकलो. बटणं नीट वरखाली व्हावीत म्हणून आत तेल लागतं. मास्तर म्हणाले होते, "तेल घालत जा." कुठलं ते बोलले नाहीत. आमच्या घरात तेल म्हणजे खोबरेल. डोक्याला तेच, दिव्याला तेच, सायकलच्या चेनला तेच. मी तेच ट्रम्पेटमध्ये घातलं. चैत्र-वैशाखात बटणं अशी लोण्यासारखी चालली की मी दुसऱ्या ट्रम्पेटवाल्यालाही घालून दिलं.

मग पौष संपून माघ लागला. कुंडलिकेच्या काठी, रोह्याच्या पुढच्या एका गावात लग्न होतं. पहाटेचा मुहूर्त. नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला नेताना वाजवायचं होतं. नदीवरून धुकं येत होतं, माणसं घोंगड्या गुंडाळून उभी. मास्तरांनी हात वर केला, मी फुंकर घातली, आणि बटण दाबायला गेलो तर बटण दगड. खोबरेल गोठलं होतं. माझं आणि त्या दुसऱ्याचंही.

बटणं न चालता ट्रम्पेट वाजतं, पण मग त्यातून निघतात फक्त त्या एकावर एक बसलेल्या गोणी. म्हणजे शिपायांचा बिगुल. लग्नाच्या गाण्याऐवजी आम्हा दोघांकडून पहाटेच्या धुक्यात कूच करण्याचा हुकूम निघायला लागला. गर्दीत एक फौजेतून आलेले काका होते, ते खरोखर ताठ उभे राहिले. मी धावत जाऊन नवरदेवाच्या अंघोळीचं पाणी ज्या चुलीवर तापत होतं तिथं ट्रम्पेट धरलं. तेल वितळलं, बटणं सुटली, आणि सगळं तेल माझ्या लाल कोटावर. दिवसभर नवरीकडच्या बायका मला बघून म्हणत होत्या, "बँडवाल्यांना काय न्हाऊ घातलंय?"

मास्तर एवढंच म्हणाले, "दत्त्या, रॉकेल घालायचं असतं रे." पुढं सगळी वर्षं मी रॉकेलच घातलं. जिभेला त्याची चव अजून आहे.

हा किस्सा आमच्या घरी मी पोचायच्या आधी पोचला. आणि तो ऐकून सगळ्यात जास्त वेळ हसत बसली ती माझी धाकटी बहीण कुसुम. हसून झालं आणि म्हणाली, "दादा, माझ्या लग्नात मास्तरांचा बँड आण. पण पाठवणीला तू वाजवायचा नाय."

मी म्हटलं, "का गो?"

"का म्हणजे? माझ्या सासरकडची माणसं असतील तिथं."

पाठवणीचं जरा सांगितलं पाहिजे. लग्नात बँड वाजतो तेव्हा कोणी ऐकत नसतं. ताशा, ढोल, नाचणारे मामा, फटाके, त्यात एखादा ट्रम्पेटवाला नुसता गाल फुगवून चालला तरी खपतं. मी कित्येक वराती तशा काढल्या. पण पाठवणीला ढोलताशे खाली ठेवतात. मुलगी आईच्या गळ्यात पडलेली असते, आणि एकच ट्रम्पेट हळू आवाजात वाजतं. मास्तरांची स्वतःची एक धून होती त्यासाठी. संथ, उतरत जाणारी, शेवटी एका लांब सुरावर थांबणारी. बाकी सगळी गाणी आम्ही ज्याची त्याची उचललेली, ही मात्र त्यांची. तेवढा वेळ अख्खा मांडव तुमच्या एका ओठाकडे कान लावून असतो. आणि आमच्याकडे अशी पद्धत पडली होती, की नवरीचा कोणी बँडमध्ये असला तर तो मान मास्तर त्याला देतात. कुसुमचा भाऊ मी. मी बँडमध्ये असून मास्तरांनीच वाजवलं, तर अख्ख्या पेण तालुक्याला कळणार होतं की दत्ताला वाजवता येत नाही. कळलेलं होतंच, पण तसं ते शिक्का मारून कळलं असतं.

ज्येष्ठात कुसुमचं जमलं. मुलगा रोह्याचा, कंपनीत शिफ्टला जाणारा, शांत. लग्न माघात ठरलं. मी म्हटलं, "कुसे, तोवर मी शिकतो."

"कोणाकडं?"

"माझा मीच."

"मंग झालंच," ती म्हणाली आणि आत गेली.

घरात सराव करायला बंदी होती. म्हैस दूध चोरते असं आईचं म्हणणं होतं. म्हणून मी खारेपाटात, मिठागरांच्या बांधावर जायला लागलो. तिथं मला वाटायचं मी फार छान वाजवतो. चहूकडे सपाट, वर आभाळ, खाडीचं पाणी लांबवर चमकतंय आणि माझा सूर सुटलाय. एक म्हातारे आगरी बाबा तिथल्या शेतावर असायचे. चार दिवस त्यांनी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी जवळ आले.

"आरं बाला, उद्याला जरा सकाळचे येशील का?"

मला वाटलं, आवडलं असावं. म्हटलं, "येतो की, बाबा. का हो?"

"पाखरा लय बसतान शेतान. तू आलास का एक र्‍हात नाय."

मी हसून घेतलं. पण रात्री विचार करत पडलो. बांधावर मला जे छान ऐकू येत होतं ते आणि बाबांना जे ऐकू येत होतं ते, यात एवढा फरक कसा? माझा सूर माझ्याच तोंडाजवळून निघतो, तर तो मलाच आधी ऐकू यायला हवा. इथं मला पहिल्यांदा या सगळ्या प्रकरणाचं कुतूहल वाटलं. आतापर्यंत नुसती हौस होती, आणि कोट.

त्या पावसाळ्यात मी दरवर्षीसारखा जोह्याला गणपतीच्या कारखान्यात कामाला गेलो. लग्नाचा हंगाम संपला की आम्हा बँडवाल्यांतले बरेचजण तिकडे जायचे. माझं काम गणपतीची पाठ रंगवायचं. पुढची बाजू मला कोणी देत नसे. कारखानदार अण्णा म्हणायचे, "पाठीमागं कोणी बघत नाय, तिथं दत्ता बरा." डोळ्यांची आखणी मात्र अण्णा स्वतः करायचे, आणि तेव्हा कारखान्यात कोणी खोकत पण नसे.

एक दुपार पावसानं उघडीप दिली होती. माणसं जेवायला गेलेली. साच्यातून काढलेला एक मोठा गणपती आडवा करून वाळत ठेवला होता, अजून पांढराफटक, खालून पोकळ. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी ट्रम्पेटचं तोंड त्या पोकळीत घातलं आणि एक सूर धरला.

तो सूर आत गेला, फिरला, आणि माझ्या तोंडावर परत आला.

मी थांबलो. मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी वाजवतंय का. परत फुंकलं. आणि मग कळलं की इतकी वर्षं मी स्वतःला ऐकलेलंच नव्हतं. वरातीत ताशा कानाशी असतो, बांधावर सूर खाडीपार निघून जातो. ट्रम्पेटचं तोंड पुढे असतं आणि वाजवणारा मागे. ज्याच्या दिशेनं तोंड आहे त्यालाच खरं काय ते कळतं. म्हातारे बाबा समोर होते, मी पाठीमागे. गणपतीची पाठ रंगवणाऱ्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं.

आणि जे ऐकू आलं ते काय होतं म्हणता! प्रत्येक सुराच्या सुरुवातीला थुंकल्यासारखा फाट असा आवाज. मधे सूर बरा. शेवटी तो खाली गळून पडायचा, हातातून बादली सुटावी तसा. मी चकित होऊन परत परत वाजवत राहिलो. वाईट वाटायच्या ऐवजी मजा वाटत होती, कारण रोग तरी कळला.

अण्णा दारात उभे होते.

"दत्ता, बाप्पाच्या पोटात काय ओरडतोस?"

मी ट्रम्पेट बाहेर काढलं. म्हटलं, "अण्णा, इथं मला मी ऐकू येतो."

अण्णांनी आडव्या गणपतीच्या चेहऱ्यावरनं हात फिरवला. मग म्हणाले, "हे बघ. डोळे आखायच्या आधी तो माती-प्लास्टर हाय. तोवर काय ते वाजवून घे. एकदा डोळे आखले का ते बघतात. मंग नाय."

तेव्हापासून माझी रोजची धावपळ सुरू झाली. कारखान्यात शिरलो की मी बिनडोळ्यांचा गणपती शोधायचो. सुरुवातीला रांगाच्या रांगा होत्या. लहान गणपतीत सूर लवकर परततो आणि चिडका वाटतो, मोठ्यात जरा थांबून, समजूत घातल्यासारखा येतो. लालबागी थाटाच्या रुंद बैठकीत तो सगळ्यात चांगला. मी हे सगळं अण्णांना सांगायचो आणि अण्णा म्हणायचे, "पितांबर राहिलंय मागचं."

पण श्रावण सरत आला तसे अण्णा भराभर डोळे आखत सुटले. मी सकाळी ज्या गणपतीत वाजवलं तो दुपारी माझ्याकडे बघत असायचा. शेवटी एकही बिनडोळ्यांचा उरला नाही. तेव्हा अण्णांनीच एक फाटका, टाकून दिलेला अर्धा साचा माझ्या पुढ्यात ढकलला. "हा घेऊन जा. यातनं आता सोंड वाकडी येते. तुला काय सोंडेशी करायचंय?"

तो अर्धा साचा एस.टी.च्या टपावर टाकून मी घरी आणला आणि गोठ्यात भिंतीला टेकवला. त्यात तोंड घालून वाजवलं की आवाज बाहेर फारसा जात नसे, म्हणून आईचीही हरकत राहिली नाही. म्हशीची होती, पण ती बोलली नाही.

आता रोग तर दिसत होते, औषध शोधायचं होतं. पहिली अडचण अशी, की मला हळू वाजवताच येत नव्हतं. हळू करायला गेलो की सूर मरायचा, नुसती हवा निघायची. म्हणजे मला दोनच अवस्था माहीत होत्या, गोंगाट आणि गप्प. याचं उत्तर मला कारखान्यातच मिळालं होतं, पण ते उत्तर आहे हे कळायला आश्विन उजाडला. स्प्रेनं रंग मारताना बारीक छटा हवी असेल तर नवखा माणूस कॉम्प्रेसरची हवा कमी करतो, आणि गन थुंकायला लागते. अण्णा ओरडायचे, "हवा कायम ठेव! तोंड बारीक कर!" गोठ्यात बसून मी एकदा मोठ्यानं तेच म्हटलं, हवा कायम, तोंड बारीक. आणि तसं केलं. पोटातनं हवा तेवढीच जोरकस, पण ओठांमधली फट सुईच्या नेढ्याएवढी. एक सूर आला. इतका बारीक की म्हशीनं कान हलवला नाही. मी अंगणात धावत जाऊन आईला सांगितलं, "आये, आला!"

"कोण आला?" आई पदर सावरत बाहेर बघायला लागली.

दुसरी अडचण दाबण्याची. वरचा सूर हवा की मी ट्रम्पेट ओठावर दाबायचो, जसं काही सूर दातांच्या मागे अडकलाय. वरातीच्या शेवटी माझा ओठ पुरीसारखा फुगलेला असायचा आणि गरम चहा पिता यायचा नाही. सवय मोडायची कशी? मी ट्रम्पेट सुतळीनं गोठ्याच्या आढ्याला टांगलं. दोन्ही हात मागे बांधल्यासारखे धरले आणि नुसतं तोंड लावून वाजवायला गेलो. जरा दाबलं की ते झोका घेऊन पलीकडे जायचं आणि परत येताना दातावर बसायचं. पहिले काही दिवस मी आणि ट्रम्पेट एकमेकांना मारत होतो. कुसुमनं एकदा गोठ्यात डोकावून हे पाहिलं, तशीच आत गेली, आणि मी ऐकलं ती आईला सांगत होती, "आये, दादाचं लग्न आधी करा."

पण ते जमलं. न दाबता सूर निघायला लागले. आधी खालचे, मग मधले. वरचा जो मी इतकी वर्षं वर बघून शोधत होतो, तो एके दिवशी सहज आला, मी दुसराच काढत असताना. मी इतका दचकलो की थांबलो, आणि मग तो पुन्हा यायला आठवडा गेला.

माऊथपीस मी खिशात ठेवायचो आणि पेणला जाता-येता एस.टी.त नुसत्या माऊथपीसवर भुर्र करायचो. एकदा बसमध्ये एक बाई ओरडल्या, "भुंगा शिरलाय!" कंडक्टरनं खिडक्या उघडायला लावल्या, शेवटच्या बाकापर्यंत शोध झाला. मीही शोधला. भुंगा सापडला नाही. मी पेणला उतरलो तेव्हा कंडक्टर दुसऱ्या कोणाला तरी सांगत होता, "मोठा होता, आवाजावरनं."

आणि एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली असती तर मी ऐकली नसती. थांबायचं असतं. जेवढं वाजवलं तेवढंच गप्प बसायचं, ओठात रक्त फिरू द्यायचं, मग परत. मी आधी थांबलो की आळशी झाल्यासारखं वाटायचं, म्हणून ओठ सुजेपर्यंत वाजवायचो. आता मी सूर वाजवून गप्प बसायचो आणि साच्यातली कोळ्याची जाळी बघायचो.

मार्गशीर्षात मी कुसुमला म्हटलं, "घे परीक्षा."

ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. आमच्याकडे कडवे वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचे. हात सरावला की बाई बोलते, हसते, भांडते, हात चालूच. कुसुम म्हणाली, "तू अंगणात उभा राहा नि ती पाठवणीची वाजव. मी सोलत राहीन. माझा हात थांबला का तू नापास."

"आधी कधी थांबला होता?"

"तू वाजवतोस तेव्हा रोज थांबतो. कान झाकायला लागतात."

मी तुळशीजवळ उभा राहिलो. तोंड अंगणाकडे नाही, भिंतीकडे केलं, म्हणजे मलाही ऐकू येईल. हवा कायम, तोंड बारीक. मास्तरांची ती धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. शेवटचा लांब सूर गळू दिला नाही, हळूच खाली ठेवला. मग वळून बघितलं.

कुसुमचा हात थांबला होता. चिमटीत अर्धा सोललेला वाल तसाच.

माझा चेहरा उतरला. "नापास?"

"नापासच," ती म्हणाली आणि वाल सोलायला लागली. जरा वेळानं मान वर न करता म्हणाली, "मास्तरांना सांग, पाठवणीला तू वाजवतोस."

मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला बँडच्या खोलीत उभं करून एकदा वाजवायला लावलं. ऐकताना ते खिडकीतनं बाहेर बघत होते. संपल्यावर म्हणाले, "कुठं शिकलास?"

"गणपतीत."

"उत्सवात?"

"नाय, गणपतीत."

त्यांनी पुढे विचारलं नाही. मास्तरांनी न विचारलेल्या गोष्टी फार होत्या.

लग्न आमच्या दारात झालं. सगळं मी वाजवलं, जपून, मधेमधे थांबून. ओठ शेवटपर्यंत ताजा होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पाठवणीपर्यंत पोचलो आणि मला अजून वाजवता येत होतं. ढोलताशे खाली ठेवले गेले. मास्तर माझ्या शेजारी उभे, त्यांचं ट्रम्पेट काखेत. जीप दारात लागली होती. कुसुम आईच्या पाया पडायला वाकली आणि मास्तरांनी मला डोळ्यानं सांगितलं, घे.

घेतलं. पहिली ओळ माझ्या आयुष्यात वाजली नव्हती इतकी चांगली वाजली. मला स्वतःला ती ऐकू येत होती, समोर माणसांची भिंत होती ना. दुसरी ओळ सुरू केली आणि कुसुमनं आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं.

आता सगळं शिकलेल्या माणसाची गंमत बघा. दाब शिकलो, हवा शिकलो, सुरुवात, शेवट, थांबणं. पण रडायला आलं की ओठ थरथरतो आणि थरथरत्या ओठातून सूर निघत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि याचा सराव करायचा तरी कसा? हवा कायम होती, फट बारीक होती, पण ओठ माझा राहिलाच नव्हता. सूर फाटला, मग नुसती हवा, मग काही नाही.

तेवढ्यात त्याच जागेवरून, त्याच सुरावर, मास्तरांनी उचललं. काखेतलं ट्रम्पेट तोंडाला कधी लागलं ते मला दिसलं नाही. ते बिलकूल पुढे आले नाहीत, माझ्या खांद्यामागून वाजवत राहिले, म्हणजे समोरच्यांना वाटावं मीच वाजवतोय. मी ट्रम्पेट तोंडालाच धरून उभा. पुढची ओळ त्यांची. मी नाकानं श्वास घेत होतो, ओठावरनं जीभ फिरवत होतो. मग त्यांच्या कोपराचा मला हलकाच धक्का लागला. शेवटचा लांब सूर त्यांनी माझ्यासाठी सोडला होता. तो मी धरला. जीप वळून रस्त्याला लागेपर्यंत धरला.

पाहुणे म्हणाले, काय वाजवलं! मामा म्हणाले, दत्ताचा दम बघा! मी मास्तरांकडे बघितलं. ते ट्रम्पेटमधलं पाणी झटकत होते. मी काही बोलायला गेलो तर म्हणाले, "कोट उन्हात टाक, दमट झालाय."

मांडवपरतणीला कुसुम घरी आली. दुपारी मागच्या दारी बसलो होतो, तर म्हणाली, "पहिलं तू वाजवलंस. मधलं मास्तरांनी. शेवटचं परत तू."

मी उडालोच. "कोणी सांगितलं तुला?"

"कोण सांगील? ऐकलं मी."

"अगं, तू तर रडत होतीस."

"तू वाजवत होतास तेव्हा रडत होते. मास्तरांनी घेतलं तेव्हा डोळे पुसले, पदर नीट केला, ह्यांच्या आईला वाकून नमस्कार केला. मंग परत तू घेतलंस नि परत रडायला लागले."

मांडवात एवढी माणसं होती. बँडमधले माझे सोबती होते, ज्यांनी माझ्याबरोबर वर्षानुवर्षं वाजवलं. त्यांच्यापैकी एकालाही कळलं नव्हतं. माझा सूर आणि मास्तरांचा सूर डोळे भरलेले असताना वेगळे ओळखणारं जगात एकच माणूस होतं. मला फार आनंद झाला, आणि लगेच शंका आली.

"कुसे, खरं सांग. मी वाजवलं तेव्हा रडलीस ती चांगलं वाजलं म्हणून, का वाईट?"

ती उठली. "चहा टाकते," म्हणाली.

आता तीही वरश्यालाच राहते, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की मी तिला तोच प्रश्न विचारतो. ती दर वेळी चहा टाकायला जाते.